एकाच नावाच्या दोन ओळी

पाटीवाल्याचा ब्रश कधीच सुटला, सवयी मात्र सुटल्या नाहीत. आता संगणकावर अक्षरं काढायची आणि मशीन ती रंगीत चिकट व्हिनाइलमधून कापून देतं. तरी हा गडी खुर्चीत बसण्याआधी बाह्या कोपरापर्यंत दुमडतो. जणू रंग सांडणार आहे.

दुकानात नवराबायको दोघंच. सकाळी संगणक त्याचा. दुपारी तो शिडी घेऊन पाट्या ठोकायला जातो, तेव्हा बायको बसते आणि घरांचे नंबर, दारावरची नावं अशी रोजची कामं उरकते. मधे जेवायला जाताना संगणक बंद करायचा, ही तिची शिस्त.

त्या हिवाळ्यात त्याने सकाळच्या वेळात एकच काम केलं. वडिलांनी पत्र्यात कापलेले अक्षरांचे साचे होते. गंजून त्यांच्या कडा झडत चालल्या होत्या. साचा कागदावर गिरवायचा, कागद स्कॅन करायचा, मग पडद्यावर वळण न् वळण जुळवायचं. ‘क्ष’चं पोट जमेना, तर तो त्याने मोडून पुन्हा काढला, परत मोडला. मनाजोगता उतरल्याशिवाय पुढचा साचा हातात घेतला नाही. वाचनालयाच्या कपाटांना याच अक्षरांच्या पाट्या लागायच्या होत्या. शेवटचं अक्षर झालं तसे त्याने साचे भंगारात दिले आणि कागद टराटरा फाडून टाकले. झालं ते झालं, पसारा कशाला?

त्या दुपारी तो शिडी घेऊन निघायच्या तयारीत होता आणि वाचनालयाची पहिली पाटी कापायला बायको बसली.

“अहो, अक्षरं कुठे ठेवलीत?”

“समोरच आहेत. डोळे उघड.”

“उघडलेत. तुम्हीच येऊन दाखवा.”

त्याने येऊन पाहिलं. जुनी कामं सगळी जागच्या जागी होती. नवं एक अक्षर नव्हतं. इकडे शोधलं, तिकडे शोधलं.

“काय पुसलंस तू?”

“मी पुसणारी असते तर आधी तुमचं तोंड पुसलं असतं. मी कशाला हात लावतेय तुमच्या अक्षरांना?”

“मग काय ती पाय फुटून गेली?”

ती उठून आत गेली. दार हळू लावलं. ती दार आपटायची तेव्हा त्याला बरं वाटायचं. हळू लावलं की समजावं, वर्मी लागलंय.

त्याने जावयांना फोन केला. संगणकाचं सगळं जावईच बघायचे. मशीनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून विंडोज ठेवलं होतं आणि बाकीच्या कामांना शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवून दिली होती. सुरू करताना पडद्यावर ओळी येतात, हवी ती निवडायची. हिवाळ्याआधी जावयांनी नवी डिस्क आणली, तिच्यावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवलं, जुनी कामं उतरवून घेतली. जुनी डिस्क काढली नाही. “असू दे, अडीनडीला,” म्हणाले होते.

संध्याकाळी जावई आले. ते बंद करायचं बटण दाबणार, तर सासऱ्याने माऊसवर हात ठेवला.

“बंद करू नका. आहे तेही जाईल.”

“बाबा, काही जात नाही. बघू तरी द्या.”

पुन्हा सुरू होताना ओळी आल्या. वर लिनक्स. खाली विंडोज. त्याच्याखाली आणखी एक विंडोज.

“बाबा, तुम्ही कुठलं घेता?”

“पहिलं विंडोज. तुम्ही दाखवलंत तेच.”

“आणि आई?”

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “शेवटचं. खालचा बाण दाबत राहायचं, थांबेल तिथे एंटर. तुम्हीच शिकवलंत, जावईबापू.”

जावयांचे कान लाल झाले. ते शिकवलं तेव्हा विंडोज एकच होतं आणि ते तळाला होतं. आता तळाला होती ती जुनी डिस्क. सकाळी नवरा नव्या डिस्कवर, दुपारी बायको जुन्या डिस्कवर. एका खुर्चीत बसून दोघं दोन घरांत काम करत होती.

जावयांनी पहिलं विंडोज उघडलं. अक्षरं होती. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत, आणि ‘क्ष’चं पोट जसंच्या तसं. पाटीवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो खुर्चीत टेकला.

मग जावयांनी सासूबाईंची कामं जुन्या डिस्कवरून नवीवर आणली, एकेक उघडून त्यांना दाखवली. संगणक बंद केला, जुन्या डिस्कच्या वायरी काढल्या. सुरू केला तर खालची ओळ तशीच!

“अहो जावईबापू, ही अजून इथेच?” पाटीवाल्याने विचारलं.

“बाबा, गाळा रिकामा झाला तरी बाहेरची पाटी राहते ना? तसंच आहे. ही यादी आधीच बनलेली आहे. पुन्हा बनवायला सांगतो.”

त्यांनी लिनक्समध्ये जाऊन एक आज्ञा लिहिली. पुन्हा सुरू केल्यावर विंडोजची ओळ एकच उरली. बायकोने स्वतः बाण दाबून पाहिला. थांबला तिथे एंटर केलं. समोर नवी अक्षरं आली.

“चला, माझ्यावरचा आळ गेला,” ती जावयांना म्हणाली. नवऱ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिडी घेऊन गेलाच नाही. वाचनालयाची पहिली पाटी मशीनमधून निघाली. कापलेल्या अक्षरांभोवतीचं फालतू व्हिनाइल सुईने सोलून काढावं लागतं. मान मोडणारं काम, आणि रोज तिचंच. त्याने बाह्या दुमडल्या, सुई घेतली आणि मुकाट्याने सोलायला बसला.

थोड्या वेळाने ती मागे येऊन उभी राहिली.

“सावकाश. ‘ठ’ उचकटाल.”

“काल मी बोललो ते...”

“आधी ‘ठ’ सांभाळा,” ती म्हणाली आणि स्टूल ओढून शेजारी बसली.