सामना संपेपर्यंत

"आता बोलू नको गं, वाकला पाह्य तो."

टीव्हीवरचा खेळाडू काठी घेऊन टेबलावर वाकला की शेजारच्या काकू हात वर करून मला असं गप्प करायच्या. मांडीवरच्या ताटातली तूरडाळ निवडणारी बोटं तिथंच थांबायची. खेळाडूने चेंडू पाडला की त्यांचा श्वास सुटायचा आणि बोटं पुन्हा चालू व्हायची. तो खेळाडू कोण, कुठला, जिंकतोय की हरतोय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

खेळाचं नाव चायनीज एट-बॉल. हिरव्या कापडाचं टेबल, सहा खिसे, रंगीत आणि पट्ट्यांचे चेंडू, आणि सगळ्यात शेवटी पाडायचा काळा. यवतमाळच्या आमच्या कॉलनीत हा खेळ कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. मलाही नव्हता. काकूंचा मुलगा चीनमधल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये पंच होता, एवढाच आमचा संबंध.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडून हा मुलगा नागपूरच्या एका पूल पार्लरमध्ये रमला. खेळाडू म्हणून फार पुढे गेला नाही, पण नियम मात्र असे पाठ केले की लोक त्याला पंच म्हणून बोलवायला लागले. आधी पुणे, मग परदेश. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. "शिकवून सवरून गोळ्या मांडाले पाठवला का याले?" हे त्यांचं शेवटचं बोलणं. त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं आणि घरच्या टीव्हीवर हा खेळ लावायचा नाही, असं ठरलं. कुणी ठरवलं, ते मला ठाऊक नाही. काकू मात्र डाळीचं ताट घेऊन माझ्याकडे यायला लागल्या.

चीनमध्ये संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे दुपार. मी शाळेत शिकवून आले की मोबाईल टीव्हीला जोडायची. कॅमेरा बहुतेक वेळ वरून टेबलच दाखवायचा. पंचाचे पांढरे हातमोजे घातलेले दोन हात यायचे, चेंडूंचा त्रिकोण मांडायचे आणि निघून जायचे. आपला आहे की दुसरा कुणी, हे काकू त्या हातांवरूनच ओळखायच्या. "नाई, हा नोहे. हा घाईचा आहे," म्हणून पुन्हा डाळीत लक्ष घालायच्या. आणि कधी एकदम ताट बाजूला ठेवायच्या. "हा पाह्य. काळा गोळा कसा ठेवला त्यानं! देवापुढं पेढा ठेवावा तसा." मग जरा वेळाने हळूच, "मनगट वाळलं गं त्याचं. तिथं काय खात असंन?"

समालोचन चिनी भाषेत. आम्हा दोघींना एक अक्षर कळायचं नाही. काकू ते मला समजावून सांगायच्या. "आता म्हनून राह्यले असतीन, पंच कोन्या गावचा आहे म्हनून."

"काकू, ते खेळाविषयी बोलत आहेत."

"कायले? खेळ तर दिसूनच राह्यला."

खेळाडू त्यांच्या मते पाहुणे होते. टेबल त्यांच्या मुलाचं. एकदा एका चष्मेवाल्या खेळाडूने निर्णयावरून हुज्जत घातली, तर काकू चक्क उभ्या राहिल्या. "माहा पोरगा खोटं नाई बोलत, समजलं का!" म्हणून टीव्हीला दम दिला. पुढे कित्येक महिने तो चष्मेवाला हरला की त्या माझ्यासाठी घरून काहीतरी गोड करून आणायच्या. कधी शिरा, कधी नुसता गूळ घातलेला भात. मी न विचारता समजून घ्यायची.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं सुख इतकं छोटं असतं की त्याला कुणाची दृष्ट लागेल असं वाटत नाही.

त्या दिवशी उपांत्य सामना होता. काकू ठेवणीतली जांभळी साडी नेसून आल्या. उन्हाळ्याचे दिवस, कूलरचा आवाज, म्हणून टीव्ही मोठा केलेला. पंच काकूंचा मुलगाच होता. दोन्ही खेळाडू बरोबरीने चालले होते. मध्येच एक खेळाडू बाहेर गेला, खेळ थांबला.

"पानी दे गं जरा," काकू म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले तेव्हा त्यांची मान सोफ्याच्या हातावर कलली होती. ताट मांडीवर तसंच होतं. मी हाक मारली. हलवलं. मग ओरडले. गल्लीतले डॉक्टर धावत आले, छातीवर दाब देत राहिले, आणि शेवटी त्यांनी काकूंचा हात अलगद खाली ठेवला. काका दारात उभे होते.

काकूंना शेजारी त्यांच्या घरी नेलं. बायका जमल्या. पुसदहून काकूंचा भाऊ निघाला. काका मात्र थोड्या वेळाने माझ्या घरी परत आले. "त्याले कळवलं का?" त्यांनी विचारलं.

मी मघापासून फोन लावत होते. बंद. मी टीव्हीकडे बोट केलं. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

काका टीव्हीसमोर गेले. तीन माणसं दिसत होती. ते कितीतरी वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "यातला कोनता?"

"काळा कोट घातलेला, काका. पांढरे हातमोजे."

"बारीक झाला," ते म्हणाले आणि काकूंच्याच जागी बसले.

शेजारून निरोप आला, काकांना बोलावताहेत. ते उठले नाहीत. "संपल्यावर फोन चालू करंन ना तो?"

"हो."

"किती आहे अजून?"

"बरोबरी झाली आहे. हा शेवटचा डाव."

मुलाने चेंडू मांडले. काका पुढे झुकून पाहत होते. "हा काय करून राह्यला आता?" "आता काहून थांबले?" असं विचारत होते आणि काकूंनी मला सांगितलेलं मी त्यांना सांगत होते. एका खेळाडूने भराभर चेंडू पाडले. काळा तेवढा उरला. तो वाकला. मी मनातून म्हटलं, पाड बाबा, संपव एकदाचं. काळा खिशाच्या तोंडाशी जाऊन थांबला. पडला नाही.

माझ्या तोंडून हाय निघालं. काका मात्र हलकेच म्हणाले, "चालू दे. थोडं चालू दे अजून."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चेंडूंकडे नाही, पडद्यावर एका जागी स्थिर उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहत होते. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं. मग मीही म्हटलं, चालू दे.

पण दुसऱ्या खेळाडूने चूक केली नाही. टाळ्या झाल्या. खेळाडूंनी मुलाशी हात मिळवले. तो कॅमेऱ्याबाहेर गेला. आम्ही दोघं रिकाम्या टेबलाकडे बघत बसलो.

फोन वाजला तो काकूंचा. सोफ्याच्या फटीत अडकला होता. मी काढून काकांसमोर धरला. पडद्यावर मुलाचं नाव. काकांनी तो घेतला, कानाला लावला. पलीकडचा आनंदी आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई! पाह्यलं का? काय डाव झाला ना!"

"पाह्यलं," काका म्हणाले. "मी पाह्यलं, बेटा."

पलीकडचा आवाज बदलला. मग, "बाबा?" आणि लगेच, "बाबा, आई कुठं आहे?"

त्यापुढचं मी ऐकलं नाही. मी अंगणात जाऊन उभी राहिले.

उन्हाळ्यामुळे थांबणं शक्य नव्हतं. अग्नी काकांनी दिला. मुलगा विमानं बदलत आला तेव्हा राख सावडायची उरली होती. तेरवीपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. तो कुणाशी फार बोलला नाही. शेवटचे पाहुणे गेले त्या दुपारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, आईनं कुठपर्यंत पाह्यलं, ते दाखवता का?"

मी सामना लावला. खेळ थांबला तिथवर आणला. खेळाडू बाहेर गेलेला, दुसरा टॉवेलने तोंड पुसतोय, आणि हा टेबलाजवळ उभा. "इथं मी पाणी आणायला गेले," मी म्हणाले.

त्याने ते परत परत पाहिलं. "काहीच करत नव्हतो मी," तो म्हणाला. "नुसता उभा होतो, ताई. तेव्हा कोनी हाक मारली असती तर आलोच असतो ना मी."

विमानाला लागणारा वेळ त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. मी टीव्ही बंद केला. तो हुंदके देत राहिला, लहान मुलासारखा, तोंड न झाकता.

तेवढ्यात काका दारात आले. हातात पळी होती. त्यांना कधी गॅससमोर उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"ताई, वरन टाकलं होतं याच्यासाठी. मीठ कशात ठेवत होती हो ती?"

मी मुलाकडे पाहिलं. त्याने डोळे पुसत बापाकडे पाहिलं. आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.