गुबीने गाल काढले

गुबीचे गाल ही सार्वजनिक मालमत्ता होती. पाळण्यात होती तेव्हा शेजारणींनी ओढले, त्याबद्दल तक्रार नाही. पाळण्यातल्या पोराचे गाल ओढायचेच असतात, असा जगाचा समज आहे. पण शाळेत बाईंनी ओढले, कॉलेजात मैत्रिणींनी ओढले, आणि चाळिशी दाराशी आली तरी मामेबहिणीच्या नवऱ्यापासून तळमजल्यावरच्या औषधवाल्या काकांपर्यंत ज्याच्या त्याच्या बोटांना ती दिसली की खाज सुटायची. "किती गोड!" म्हणत चिमटीत धरायचं, हलवायचं, सोडून द्यायचं. गुबी हसायची. नाही हसली, तर लोक म्हणायचे, "बघा, गाल फुगवून बसली!" म्हणजे सुटका तिथेही नाही.

गाल आईकडून आलेले. आईचे हुबेहूब तसेच, थोरल्या ताईचेही थोडेफार तसे. आईला त्यांचा कोण अभिमान! गर्दीतसुद्धा आपली पोरगी मागून, नुसत्या गालांच्या कडेवरून ओळखू येते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. 'गुबगुबीत'चं 'गुबी' तिनेच केलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यात आहे, ते तिथेच राहू दे.

गुबी चौकातल्या फोटो स्टुडिओत कामाला. फोटो मालक काढायचे, आणि काढलेला चेहरा साफ करायचा तो गुबीने. मुरूम, डोळ्यांखालची वर्तुळं, दुसरी हनुवटी, एक भुवई वर तर एक खाली. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा कधीच नसतो, पण सारखा नसलेला फोटो कुणाला आवडत नाही. म्हणून गुबीचा हात दोन्ही बाजू सारख्या करण्यावर इतका बसला होता, की चहा पिता पिता, मालकांशी हुज्जत घालता घालता ती चेहरे सरळ करत जायची. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, "अगदी माझ्यासारखा आलाय!" आणि मालक हसू दाबायला पाठ फिरवायचे.

असंच एक गिऱ्हाईक खूश झालं. चांगला टाय वगैरे लावलेला, गुबीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान बाप्या. फोटो खिशात घातला, काउंटरवरून वाकला आणि "थँक्यू हं, मावशी!" म्हणून गुबीचा गाल ओढून चालता झाला.

त्या दिवशी गुबीचं ठरलं, गाल काढून टाकायचे. सुंदर दिसायचं म्हणून नाही, हे नीट ध्यानात घ्या. पुढे सगळ्यांनी तेच धरून ठेवलं म्हणून सांगतो. तिला फक्त दुसऱ्यांच्या चिमटीतून सुटायचं होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नीट समजावलं. तोंडाच्या आतून दोन्हीकडे बारीक छेद घ्यायचा, गालातली चरबीची गोळी काढायची, टाके आतच. बाहेर व्रण नाही. पण काढलेलं परत येत नाही, आणि खरा चेहरा दिसायला काही महिने जातात. "तोवर आरशाच्या नादी लागू नका," बाई म्हणाल्या. "एक दिवसाआड फोटो पाठवा, मी बघत जाईन."

घरी गुबीने ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं. आई भांडी पुसत होती, ती थांबली.

"कुणाला विचारून ठरवलंस?"

"विचारत नाहीये आई, सांगतेय."

"अगं, माझे गाल आहेत ते!"

"तुझे तुझ्याकडे आहेत. हे माझे."

आईने फडकं ओट्यावर टाकलं आणि आत निघून गेली. त्या रात्रीपासून ती गुबीशी कामापुरतं बोलायला लागली, आणि तेही खिडकीकडे बघत. गुबीला ते लागलं. पण बेत बदलावा इतकं नाही.

ऑपरेशन झालं. डोक्यावरून हनुवटीखाली पट्टा आवळलेली, सुजलेली गुबी घरी आली तेव्हा ताई बघायला आली होती. ताईने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि म्हणाली, "कमी करायला गेली होतीस ना? हे तर दुप्पट करून आणलेस!" गुबीला हसू आलं, टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. मग कोमट सूप, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, बशीत निववलेलं दूध. चावायचं काही नाही. जांभईसुद्धा बेताने.

सूज थोडी उतरल्यावर ती कामावर रुजू झाली. डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवायचे, तर ते मोबाईलवर काढायला तिचा धंद्याचा अभिमान आड आला. मोबाईल नाक मोठं करतो म्हणे! तिने मालकांकडून चांगल्या कॅमेऱ्यावर फोटो काढून घेतला, गिऱ्हाइकांच्या फोटोंच्या ढिगात टाकला, ढीग हातावेगळा करता करता आपलाही पाठवून दिला. बाईंचं उत्तर आलं, "उत्तम. दोन्ही बाजू छान बसतायत." एक दिवसाआड हेच. आरसा बघायचा नाही म्हणून गुबी स्वतःला त्या फोटोंतच बघायची, आणि मनात म्हणायची, बसतायत की!

डावा गाल ठणकायचा. रात्री उशीला लागला की गरम लागायचा. पण बाई उत्तम म्हणतायत, म्हणजे उत्तम.

एकदा सकाळी चहा पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळला. आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"डावीकडे काहीतरी बिघडलंय तुझं."

"तुला बिघडलेलंच हवंय," गुबी फणकारली. "गाल काढले त्याचा राग आहे ना? एक दिवसाआड डॉक्टर बघतायत माझे फोटो."

आईने कप उचलून नेला. गुबीलाही बोलल्यावर वाईट वाटलं, पण माघार घ्यायची तिला सवय नव्हती.

त्याच दिवशी दुपारी मालकांना कुठलासा जुना फोटो हवा होता, म्हणून ते गुबीच्या कॉम्प्युटरवर बसले. बराच वेळ गेला. मग त्यांनी हाक मारली.

"गुबीताई, डॉक्टरना यातला कुठला फोटो पाठवलात?"

पडद्यावर दोन चेहरे होते. एक त्यांनी काढलेला, दुसरा तिच्या हाताखालून गेलेला. काढलेल्या फोटोत डावा गाल लाल आणि टरटरून आलेला, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला. दुसरा मात्र एकदम सरळ. उजवी बाजू जशी, तशी डावी.

"हा... हा सरळ," गुबी म्हणाली. "पण मी काहीच केलं नाही त्याला. फक्त उजेड नीट केला."

"सगळे बघा," मालक हळूच म्हणाले.

सगळे पाहिले. प्रत्येकात हात फिरला होता. तिला एकही आठवत नव्हता. ढिगातल्या कुठल्याशा बाईचा चेहरा करावा तसा तिने आपला आजार साफ करून टाकला होता, आणि वर डॉक्टरची शाबासकी मिळवली होती. ती आत जाऊन हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिली, आणि हसून पाहिलं. उजवीकडे हसली. डावीकडे काहीच झालं नाही.

घरी आली आणि दारातच म्हणाली, "आई, तू बरोबर होतीस. चल माझ्याबरोबर." आईने चपला घातल्या. कशाला, कुठे, काही विचारलं नाही.

डावीकडे आत रक्त साकळून पू झाला होता. बाईंनी आतला टाका सोडवून तो काढला, औषधं दिली, आणि गुबीने फोटोंचं सांगितल्यावर कपाळावर हात मारला. "फोटोवर भरवसा ठेवायला नको होता, ती चूक माझीही," त्या म्हणाल्या. सूज गेली. पण ओठ वर उचलणारी एक नस दुखावली होती. हळूहळू येईल, म्हणाल्या. थोडी कसर राहीलही कदाचित.

ताईला संधी मिळाली. ती येऊन बसली आणि पहिलाच प्रश्न, "आता तरी कबूल कर. चुकलं ना?"

"चुकलं," गुबी म्हणाली. "पण चूक फोटोत झाली. गालात नाही."

"वाकडं तोंड घेऊन वर हे ऐकवतेस?"

"तोंड वाकडं आहे, बंद नाही."

आई तिथेच होती. ती गुबीकडे बघत राहिली, या वेळी खिडकीकडे नाही.

काही महिन्यांनी शेवटच्या तपासणीला दोघी गेल्या. डावीकडे गालाखाली किंचित खळगा पडला होता, आणि हसताना तो कोपरा उजव्याच्या मागे रेंगाळायचा. बाईंनी बोटाने चाचपून पाहिलं. दुसरीकडची थोडी चरबी घेऊन खळगा भरता येईल, म्हणाल्या, पूर्वीसारखा गोल नाही तरी जवळपास. आणि आईकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? तुम्ही तर तिचा पहिला चेहरा पाहिलेला."

आईला ते गाल परत हवे होते, हे गुबीला पक्कं ठाऊक होतं.

"मला हवेच होते," आई म्हणाली. "पण मला काय विचारताय? चेहरा तिचा आहे, तिला विचारा."

गुबीने आईचा हात धरला आणि बाईंना म्हणाली, "नको. आहे तो राहू दे."

"बरं. मग फाइलसाठी एक फोटो घेऊ," म्हणत बाईंनी कॅमेरा उचलला. "हसा."

गुबी हसली. बाईंनी कॅमेरा जरा खाली केला. "थोडं कमी हसलात ना, तर दोन्ही बाजू सारख्या दिसतील."

"कमी हसायला नव्हते काढले मी गाल," गुबी म्हणाली, आणि दात दिसेपर्यंत हसली. "काढा फोटो."