काडेपेटीएवढा कॅमेरा

खून, दरोडे, जाळपोळ यांचे तपास केले; त्यांतले तपशील आता पुसट झाले आहेत. काडेपेटीएवढ्या एका कॅमेऱ्याची चोरी मात्र मनातून जात नाही. पोलीस ठाण्याच्या डायरीत तिला चार ओळी मिळाल्या होत्या.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नगर शहरात फौजदार होतो. पाऊस नव्हता, तालुक्यांतली माणसे काम शोधत शहरात येत होती. एका सकाळी एक निवृत्त तारमास्तर फिर्याद द्यायला आले.

"काय गेलं?" हवालदाराने विचारले.

"कॅमेरा."

"केवढा?"

मास्तरांनी खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. "एवढा."

"मास्तर, खेळणं हरवलं म्हणा की!"

ठाण्यात हशा झाला. मास्तर हसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. ते एकटेच राहत. काचेच्या कपाटात, मखमलीच्या तुकड्यावर असले दहा कॅमेरे ओळीने मांडलेले होते. एक खिशातल्या घड्याळासारखा, एक तर अंगठ्याएवढा. अकराव्याची जागा रिकामी होती. छावणीतले गोरे अधिकारी देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या सामानाचे लिलाव झाले. मास्तरांचा छंद तिथे सुरू झाला आणि पुढची सगळी वर्षे त्यातच गेली.

"किमतीचं जाऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "त्यात फिल्म आहे. आठ वर्षांपूर्वीची. हिने हट्ट धरला, एकदा मलाही फोटो काढू द्या. महिनाभर तो कॅमेरा तिच्याकडेच होता. मग ती गेली. फिल्म धुवायचं मला धाडस झालं नाही. त्यात तिचा एक फोटो आहे, दुसरा घरात नाही."

मी कपाटाकडे पाहिले. इतके कॅमेरे, आणि बायकोचा फोटो नाही.

"सापडला तर उघडू नका. उजेड लागला की संपलं."

मी शब्द दिला.

आदल्या आठवड्यात तिसगावकडचा एक माणूस घराला चुना लावून गेला होता. त्याचा पत्ता कुणाकडे नव्हता. चौथ्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या पानवाल्याने खबर दिली.

"साहेब, एक चुनेवाला फॉरेनचा लायटर मिरवतोय. पेटत काही नाही, नुसतं टक् करतंय!"

माणूस ठाण्यात आला. तिशीचा, हडकुळा, नखांत चुना. कॅमेरा त्याच्या मुठीतच होता.

"माझाच लायटर हाय, सायब. मिल्ट्रीतल्या पाव्हन्यानं दिला."

अर्धा तास त्याने दुसरे काही सांगितले नाही. हात उगारण्याची मला सवय नव्हती. माणसाला त्याच्याच खोट्यापाशी नेऊन उभे करावे, ही माझी पद्धत. मी त्याला व्हरांड्यात उन्हात नेले आणि हातात बिडी दिली.

"पेटव."

टक्.

"पेटव की. तुझाच लायटर ना?"

टक्. टक्. टक्. शिपाई गोळा झाले. "पावण्याला म्हणावं, रॉकेल पण दे!" कुणीतरी ओरडले. दहा-बारा वेळा दाबून तो खाली बसला.

"न्हाई पेटत, सायब. चोरला म्या. कपाट उघडं हुतं. घरी म्हातारा हाय. नगरास्नं मोकळ्या हातानं कसं जावं?"

"उघडला होतास?"

"लई बगितलं. उघडतच न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. आपल्या युक्तीचे थोडे कौतुकही वाटले.

पुढची अडचण पंचांची. त्यांतले एक भुसार दुकानदार होते. ते अडून बसले. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय सही नाही. मागच्या खेपेला वकिलाने कोर्टात माझी सालं काढली."

त्यांचे बरोबर होते. शेवटी सगळी वरात एका फोटो स्टुडिओत नेली. काळोख्या खोलीत दार लावून स्टुडिओवाल्याने कॅमेरा उघडला आणि दोन्ही पंचांनी आत बोट लावून पाहिले. "गुंडाळी आहे खरी," दुकानदार अंधारात म्हणाले. कॅमेरा बंद करून आम्ही बाहेर आलो आणि हवालदाराने लिहिले: 'फिल्मची गुंडाळी हाताला लागली, डोळ्यांना दिसली नाही.' पंचांनी सह्या केल्या. इतकी काळजी मी खुनाच्या मुद्देमालाचीही घेतली नव्हती.

आरोपीने कोर्टात गुन्हा कबूल केला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तो सुटला आणि कॅमेरा मास्तरांना परत मिळाला. ते तडक ठाण्यात आले. "स्टुडिओत माझ्याबरोबर चला, साहेब. एकट्याने बघवणार नाही."

स्टुडिओवाल्याने सात फोटो काउंटरवर मांडले. कडा धुरकटलेल्या, पण मधला भाग स्पष्ट होता. सातही फोटोंत एका पुरुषाची पाठ होती. बनियन घातलेली, टेबलावर वाकलेली. टेबलावर चिमुकले कॅमेरे आणि पुसायचे फडके. एका फोटोच्या कोपऱ्यात बोटाची सावली आली होती. ते बोट तिचे.

"मीच आहे हा," मास्तर म्हणाले. सातही फोटो पुन्हा पाहून म्हणाले, "सगळ्यांत मीच आहे." मग त्यांनी मान वर केली. "आठवा?"

"तो जळालाय." स्टुडिओवाल्याने फिल्मची पट्टी उजेडात धरली. शेवटचा चौकोन काळाठिक्कर होता. "एकाच जागी पुन्हापुन्हा बटण दाबलंय कुणीतरी, तेही भर उन्हात."

"तो मी काढला होता," मास्तर म्हणाले. "शेवटी तिनेच कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाली, आता माझा एक काढा. काढला आणि पुन्हा कामाला बसलो. फिल्म पुढे सरकवायची राहून गेली."

माझ्या कानात व्हरांड्यातले ते टक् टक् वाजू लागले. स्टँडवरही त्याने बटण दाबले होते, हे खरे. त्यातले किती त्याचे आणि किती माझे, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा बोलायला हवे होते. मी बोललो नाही.

मास्तरांनी फोटो पाकिटात घातले आणि मला नमस्कार केला. "तुम्ही शब्द पाळलात, साहेब. उघडू दिला नाहीत."

पुढे नवीन फौजदारांना मी सांगत असे: मुद्देमाल हातात आला की ती वस्तू कशी चालते हे आधी विचारा, आणि फिर्यादी एक गोष्ट करू नका म्हणाला तर आणखी काय करू नये तेही विचारा. हे कशावरून शिकलो, ते कधी सांगितले नाही. मास्तर आता नाहीत.

गेल्या पौषात माझी पत्नी गेली. दुपारी घरात भांड्याचा आवाजही होत नाही, तेव्हा ते सात फोटो डोळ्यांपुढे येतात. स्टुडिओतून मी घरी गेलो ती संध्याकाळही आठवते. स्वयंपाकघराच्या दारातून तिने विचारले होते, "आज गप्प का?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि तिच्याकडे पाठ करून बूट काढत बसलो.