वाटूरजवळ थांबलेली बाई

कन्याकुमारीपर्यंत मोटारसायकलवर जायचं, म्हणून सोबत जमते का ते बघायला आधी एका दिवसाच्या फेरीला मी एका मैत्रिणीबरोबर जालन्याहून निघाले, दोघी आपापल्या गाडीवर. वाटूरच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली. मैत्रीण मागे न बघता पुढे निघून गेली होती. मी मेकॅनिकला फोन केला.

तेवढ्यात एक स्कूटीवाली बाई थांबली. पदर खोचून माझ्याशेजारी दगडावर बसली आणि पिशवीतली बोरं पुढे केली.

"ताई, मला गाडीतलं काही कळत न्हाई. पण मेकॅनिक येईस्तोवर बसते."

"तुम्हाला उशीर होईल."

"होऊ द्या. एकटीनं थांबणं लई जड जातं."

गाडी सुरू झाल्यावरच ती गेली. तिचे आभार मी अजून मनात मानते. कन्याकुमारीला मी त्या मैत्रिणीऐवजी थोरल्या जावेबरोबर गेले. जाऊ पुढे गेली, तरी दर फाट्यावर माझी वाट बघत उभी असायची.