शेगडीकडची बाजू

नॉरिस हॉर्सफॉलने स्वतःच्या नावाने आयुष्यात एकही रोप वाढवले नाही. तरीही उत्तर इंग्लंडातल्या कॅल्डरच्या खोऱ्यातले डोंगरी फुलांचे सगळे नादिष्ट त्याला ओळखत, एव्हिसचा नवरा म्हणून. लष्करातली सहा वर्षे सोडली तर चौदाव्या वर्षापासून तो गालिच्यांच्या एकाच गिरणीत माग दुरुस्त करीत होता. गिरणीतून घरी आल्यावर त्याची कामे ठरलेली असत. कुंड्या घासायच्या, चुनखडीची खडी चाळून एकसारखे खडे वेगळे काढायचे, आणि काचघरातल्या वाफ्याला पाणी घालायचे. रोपाला नव्हे, कुंडी जिच्यात गळ्यापर्यंत पुरलेली असे त्या वाळूला. वसंतातल्या प्रदर्शनांच्या शनिवारी सकाळी गाडी चालवण्याचे कामही त्याचेच. फुले वाटेतच उमलून जाऊ नयेत म्हणून गाडीतला हीटर बंद असे. एव्हिस मागच्या आसनावर मांडीत कुंडी धरून बसे आणि प्रत्येक वळणावर एकच शब्द उच्चारी: "हळू."

"काय नॉरिस, बायकोला घेऊन कुठे निघालास?" गल्लीतले लोक विचारत.

"बायकोला नाही, कुंडीला. बायको सोबतीला येतेय."

दोघांना मूल झाले नाही. याविषयी दोघांपैकी कुणी कुणाजवळ काही बोलल्याचे आढळत नाही.

१९६६ साली डोंगरी फुलांच्या नादिष्टांच्या मंडळातल्या बियाण्यांच्या देवघेवीतून एव्हिसला कागदाच्या पुडीत अकरा बिया मिळाल्या. वनस्पतीचे नाव डायोनिशिया. मूळ घर इराणमधल्या कोरड्या कड्यांच्या कपारी. तीन बिया रुजल्या, एक जगली. हे रोप उंच होत नाही. करड्या-हिरव्या बारीक पानांचे झुपके एकमेकांना घट्ट चिकटून त्याची उशी होते, आणि मंडळातले लोक त्याला उशीच म्हणत. चांगल्या वर्षी या उशीवर एवढी पिवळी फुले येतात की पान दिसत नाही. पण वरून पाण्याचा एक थेंब पडला, किंवा वाळलेले एक फूल चिमट्याने काढायचे राहिले, की तिथून कूज धरते. एव्हिसने ही उशी सतरा वर्षे जगवली. तिच्या नऊ वह्यांत त्या एका कुंडीच्या नोंदी आहेत, आणि त्यांत कुठेही विशेषणे नाहीत.

सतरा वर्षांत उशी पूर्ण फुलली नव्हती. कधी अर्धी, कधी कडेकडेने. सर्वोत्कृष्ट कुंडीचे पदक बहुतेक वेळा मिस मुरिएल गारसाइड यांच्याकडे जाई. या निवृत्त गणित शिक्षिका; स्वतःची कुंडी नसेल त्या गटात त्या परीक्षक असत, आणि त्यांची जीभ प्रसिद्ध होती.

"मिसेस हॉर्सफॉल, ही उशी आहे की फसलेला पाव?" एकदा त्यांनी भर सभागृहात विचारले होते.

"पावच आहे, बाई. तुमच्यासारखे इराणात ओळखीचे राजदूत नाहीत ना माझे. बेकरीतूनच आणावं लागतं."

दोघी हसल्या होत्या. वीस वर्षे दोघी एकमेकींना आडनावानेच हाक मारीत आल्या होत्या, आणि एकमेकींच्या कुंडीपाशी इतर कुणाच्याही कुंडीपेक्षा जास्त वेळ थांबत.

१९८२ साली गिरणी बंद झाली. त्याच हिवाळ्यात एव्हिसच्या पोटातले दुखणे उघडकीला आले, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. फेब्रुवारीपासून ती वरच्या खोलीत पलंगावर होती. नोंदी ती सांगे आणि नॉरिस लिही. मार्चच्या मध्यावर त्याने वर येऊन सांगितले, "कळ्या आल्यात."

"किती?"

"मोजता येत नाहीत."

"मोजता येत नाहीत म्हणजे काय? बाजू सांग. उत्तरेला आहेत?"

"सगळीकडे आहेत, एव्हिस. पान दिसेल असं वाटत नाही."

मग तिने तारखा मांडल्या. प्रदर्शन शनिवारी, नऊ एप्रिलला, स्किप्टनच्या शाळेत. उशी कोळशाच्या खोलीमागे उत्तरेच्या सावलीत ठेवायची म्हणजे कळ्या रोखल्या जातील. गुरुवारी सकाळी काचघरात आणायची. शनिवारी दहाला परीक्षक आत येतील तेव्हा ती पूर्ण उघडलेली असेल. नेणार नॉरिस.

"आणि घरात आणायची नाही," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातसुद्धा नाही. ऐकतोयस ना?"

"तुला बघायची नाही?"

"मी सतरा वर्षं बघतेय. आता त्यांनी बघायची."

शेजारीपाजारी असे सांगत की, अखेरच्या दिवसांत एव्हिसने फूल पाहण्याचा हट्ट धरला होता. हे त्यांनी पुढे नॉरिसच्या कणवेपोटी जोडलेले दिसते. नॉरिस स्वतः असे कधीच म्हणाला नाही. एव्हिस काय म्हणाली होती, ते त्याला शब्दशः आठवत होते.

ईस्टरच्या सोमवारी डॉक्टर येऊन गेले. जिन्याच्या पायथ्याशी टोपी घालता घालता ते म्हणाले, "आठवडा धरा, मिस्टर हॉर्सफॉल. कदाचित तेवढाही नाही." दुसऱ्या दिवशी इंजेक्शन द्यायला आलेली परिचारिका खिडकीतून खाली बघत होती. कोळशाच्या खोलीमागची पिवळी झाक तिथून दिसे.

"अय्या, किती गोड! बाईंना एकदा वर आणून दाखवा की. थंडीत बिचारं एकटं कशाला ठेवलंय?"

"ते थंडीतलंच आहे," नॉरिस म्हणाला.

परिचारिका गेली. एव्हिस इंजेक्शनच्या गुंगीत होती. तिचा श्वास मधेच थांबे आणि पुन्हा सुरू होई. प्रत्येक थांब्याला नॉरिस मोजू लागला. मंगळवारपासून शनिवारपर्यंत चार दिवस होते, आणि ते तिच्याजवळ नाहीत असे त्याच्या मनाने घेतले. पहिल्यांदा पूर्ण फुललेली उशी अनोळखी लोक बघतील, आणि जिने ती वाढवली तिचे डोळे मिटलेले असतील, हे त्याला सोसवेना. दुपारी त्याने बूट काढले, कुंडी पुसली आणि ती वर नेऊन पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवली. खोलीत गॅसची शेगडी रात्रंदिवस चालू असे.

पाच एप्रिलच्या पानावर त्याच्या हातची नोंद नाही. खाडाखोडही नाही.

एव्हिस बुधवारी सकाळी पूर्ण शुद्धीत जागी झाली. तिचा आवाजही महिनाभरात नव्हता इतका स्पष्ट होता.

"कुणी आणली ही वर?"

नॉरिसने शेगडीची ज्योत बारीक केली.

"नॉरिस. कुणी आणली?"

"मी. मला वाटलं..."

"केव्हा?"

"काल दुपारी."

तिने मान वळवून उशीकडे पाहिले. शेगडीच्या बाजूची फुले पूर्ण उघडली होती. पलीकडे अजून कळ्या होत्या. तो म्हणाला, "आत्ता खाली नेतो. गारठ्यात ठेवली तर—"

"उघडलेलं फूल मिटत नाही. माग नाही तो, दुरुस्त करायला. शनिवारपर्यंत ही बाजू म्हातारी झालेली असेल. झालं. संपलं."

"डॉक्टर म्हणाले की तू..."

"मी काय? मला थोडंच प्रदर्शनात मेजावर बसायचं होतं?"

नॉरिसने खिडकीच्या चौकटीला हात टेकला. बावीस वर्षे तिच्या कुंड्या घासूनही, तिला नेमके काय हवे आहे हे ओळखण्यात आपण चुकलो, हे त्याला कळले. आणि ते आता कुणालाही समजावून सांगता येणार नाही हेही. बायकोला फूल दाखवले, यात वाईट काय, असेच कुणीही म्हटले असते.

दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी चहाचा घोट घेऊन म्हणाली, "गारसाइडबाईंना फोन कर. उद्या या म्हणावं. भिंग घेऊन."

मिस गारसाइड गुरुवारी दोन बस बदलून आल्या. त्यांनी फुले आणली नव्हती आणि प्रकृतीची चौकशीही केली नाही. "बाई," एव्हिस म्हणाली, "नीट बघा. आजारणीचे जादा गुण नकोत."

"माझ्याकडे तसले गुण नसतात, मिसेस हॉर्सफॉल."

त्यांनी खुर्ची ओढली. प्रथम कुंडी लांबून पाहिली, मग भिंगातून, मग कुंडीभोवती डोके फिरवून सगळ्या बाजूंनी. खाली गल्लीत कुणीतरी मुलाला हाका मारीत होते. नॉरिस दाराशी उभा होता, गिरणीतला साहेब पाहणीला आल्यावर उभा राही तसा.

"मुळाशी गळा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "घुमट अतिशय चांगला. एवढा बांधीव घुमट मी या जातीत पाहिलेला नाही. फुलोरा असमान. शेगडीकडची बाजू पलीकडच्या बाजूपेक्षा दोन दिवसांनी वयस्क आहे, कडा तपकिरी व्हायला लागल्यात." त्यांनी भिंग मिटले. "दुसरी."

"दुसरी," एव्हिस म्हणाली. "मीही तेवढंच दिलं असतं."

"पहिल्या क्रमांकाची कोण, ते विचारणार नाही?"

"तुमचीच असणार. दुसरं कोण आहे?"

मिस गारसाइड हसल्या नाहीत. एव्हिसचा हात पांघरुणाबाहेर होता. त्यांनी त्यावर आपला हातमोज्यातला हात ठेवला आणि बसची वेळ होईपर्यंत काढला नाही.

शनिवार आला आणि गेला. एव्हिस जिवंत होती. त्या दुपारी तिने अर्धी वाटी रुबार्बचे शिजवलेले आंबट देठ खाल्ले आणि स्किप्टनला काय झाले असेल याची चौकशी केली. डॉक्टरांचा आठवडा उलटला, दुसराही सरला. नॉरिस सकाळी जिना चढताना ती जिवंत असावी अशी प्रार्थना करी, आणि ती जिवंत दिसली की तिने जगलेला प्रत्येक दिवस त्याच्या अंगावर येई. शनिवारी सकाळी जाऊन तो संध्याकाळी सहाला बक्षिसाचे कार्ड घेऊन परत आला असता. ती इथेच असती, उशांना टेकून, कार्डाची वाट पाहत.

एकदाच त्याने विचारले, "रागावलीयस?"

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण खाली जाऊ नकोस. बस इथंच."

एव्हिस एकवीस एप्रिलला, गुरुवारी दुपारी वारली. तो तिथेच बसला होता.

जुलैत उशीच्या मध्यावर एक तपकिरी ठिपका दिसला. नॉरिसने चिमट्याने तेवढे झुपके काढले, वाळू कोरडी ठेवली, एव्हिसच्या वह्या उलटसुलट वाचल्या. महिन्याभरात उशी मेली. ऑगस्टमध्ये एव्हिसच्या इच्छेप्रमाणे उरलेल्या कुंड्या न्यायला मिस गारसाइड भाच्याची गाडी घेऊन आल्या, तेव्हा काचघरातल्या फळीवर त्यांना ती उशी दिसली. नॉरिसने बारीक करवतीने तिचे बरोबर दोन भाग केले होते. आत सतरा वर्षांची वाळलेली पाने एकावर एक दाबलेली होती, आणि मधोमध काळी पोकळी.

"कशासाठी कापलीत?"

"बिघाड कुठून सुरू झाला ते बघायला."

मिस गारसाइडनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिले. बोटाने त्यांनी पोकळीची कड खरवडली. "ही कूज जुनी आहे, मिस्टर हॉर्सफॉल. गेल्या हिवाळ्यातली, डिसेंबरातली असेल. त्या खोलीशी हिचा संबंध नाही. ही काही झालं तरी या वर्षी गेलीच असती."

नॉरिसने मान हलवली. त्याने एक अर्धुक उचलले, खाली ठेवले, आणि विचारले, "पण शनिवारपर्यंत टिकली असती?"

बाहेर भाचा कुंड्या गाडीत चढवीत होता.

"टिकली असती," त्या म्हणाल्या.

"पहिली?"

"हो."

"बरं झालं सांगितलंत," नॉरिस म्हणाला, आणि पुढच्या कुंड्या उचलू लागला.

एव्हिस गेल्यानंतर नॉरिस प्रदर्शनांना कधीच गेला नाही, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. ते खरे नाही. मदतनिसांच्या याद्यांत १९८४ पासून १९९५ पर्यंत दर वर्षी त्याचे नाव आहे, काम: मेजे मांडणे. सकाळी साडेसहाला तो शाळेत पोहोचे, मेजे ओळीत लावी, त्यांवर काळे कापड ताणून खिळे ठोकी. आठच्या सुमारास पहिल्या गाड्या येऊ लागत. मागच्या आसनांवरून लोक मांडीतल्या कुंड्या जपून उतरवत, तेव्हा तो त्यांच्यासाठी दोन्ही दारे उघडून धरी. शेवटची कुंडी आत गेली की तो हातोडी पिशवीत टाकून घरी जाई. परीक्षक दहाला येत.