डेकखालची ओल

मला त्या बोटीचा राग होता. अजूनही आहे. ती भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली, तरी राग काही भंगारात गेला नाही.

आमचे आण्णा तरुणपणी मुंबईच्या गोदीत होड्यांच्या दुरुस्तीला होते. पुढे ते नाशकात एका कारखान्यात फायबरच्या टाक्या घडवायच्या कामाला लागले आणि आम्ही कॉलनीत राहायला आलो. आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात देवळाली कॅम्पला जुन्या सामानाचा लिलाव होता. लोकांनी त्यात कपाटं घेतली, खाटा घेतल्या. आण्णांनी फायबरची शिडाची बोट घेतली. पिंपळगावच्या एका ओळखीच्या माणसाच्या कांद्याच्या टेम्पोतून ती घरी आली, टेम्पोत न मावलेलं शेपूट बाहेर आणि त्याला बांधलेलं लाल फडकं. घराशेजारच्या मोकळ्या जागेत ती लाकडी ठोकळ्यांवर चढवली. कॉलनीतले लोक येता-जाता विचारायचे, बोट आली, आता समुद्र कधी आणताय? आण्णा हसायचे नाहीत.

माझा भाऊ तेव्हा नुकताच बारावी झाला होता. त्याला जहाजावर जायचं होतं. शिकाऊ म्हणून भरती व्हायची, परीक्षा, मग समुद्र. दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं. आण्णांना हे आवडलं नाही हे आम्हाला त्यांच्या जेवणावरून कळलं. ते भाकरी अर्धी ठेवून उठले.

आमच्या घरात बाप-लेक एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीतच ती. आण्णांना काही सांगायचं असलं की ते आईला सांगत, आई मला आणि मी भावाला. उत्तर त्याच वाटेनं परत. हातोडी दे, पाणी आण, एवढंच समोरासमोर. बाकी सगळं स्वयंपाकघरातून. तसाच एक दिवस निरोप आला की, जायला हरकत नाही, पण आधी ही बोट नीट करून गंगापूर धरणात उतरवू, हात तयार होऊ दे, मग जा. भावानं आईमार्फतच शब्द दिला. वयाची अट होती, पण हातात काही वर्षं होती.

मग ती कामं सुरू झाली. आधी जुना रंग खरवडला. त्याखाली बोटीच्या अंगावर देवी आल्यासारखे फोड होते. एकेक फोड घासून उघडायचा, आत मुरलेलं पाणी वाळू द्यायचं, मग रेझिन, म्हणजे फायबरचा तो चिकट रस, भरायचं. काचेचं कापड चढवणं एकट्याचं काम नव्हे. एकानं ते रेझिननं भिजवायचं, दुसऱ्यानं लगेच रोलर फिरवून हवा काढायची, कारण रेझिन थांबत नाही, बघता बघता घट्ट होतं. ते दोघं तासन्‌तास खांद्याला खांदा लावून, न बोलता काम करायचे. संध्याकाळी अंगाला काचेची खाज. आई दोघांना थंड पाण्यानं अंघोळ करायला लावायची, गरम पाण्यानं ती काचेची बारीक कूस आणखी आत जाते म्हणून. पावसाळ्यात रेझिन पांढरं पडायचं, थंडीत चिकटच राहायचं. म्हणजे खरं काम होळीपासून मृगापर्यंत. तो उन्हाळा चुकला की वर्ष गेलंच समजायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात बोट जवळजवळ तयार झाली. आईनं शिवणयंत्रावर शिडाला ठिगळं लावली. बुद्धपौर्णिमेला वंदना झाली की बोट धरणावर न्यायची असं ठरलं, टेम्पोवाल्यालाही सांगून झालं. दोन दिवस आधी आण्णा हातोडीची मूठ घेऊन डेक वाजवत बसले. फायबरचे दोन थर आणि मध्ये लाकूड असं ते डेक होतं. लाकूड कोरडं असेल तर ठण्ण वाजतं, कुजलं असेल तर भद्द. हे मलासुद्धा कळायचं, मी खडूनं खुणा करायला होते. आण्णांनी डोलकाठीजवळ वाजवलं. ठण्ण वाजलं. त्यांनी परत वाजवलं. परत ठण्ण.

"ओल हाय इथं," आण्णा म्हणाले. "उघडाया लागंल."

मी भावाकडे पाहिलं. त्यानं मूठ घेतली, स्वतः वाजवून पाहिलं, कान लावला.

"हो. आहे ओल," तो म्हणाला.

आण्णांनी छिन्नी घातली. चांगलं, खडखडीत कोरडं लाकूड वर आलं. भावानं ते उचलून बाजूला टाकलं. ते नवीन बसवेपर्यंत मृग लागला.

मी भावावर चिडले. पाण्याच्या टाकीजवळ त्याला गाठून विचारलं, बहिरा आहेस का? तो म्हणाला, "त्यांनी आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. आता मागता येईना म्हणून डेक फोडलं." मी म्हटलं, तुझं वय निघून चाललंय, हे त्यांना दिसत नाही का? तो म्हणाला, गोदीत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला भरतीचे नियम मी सांगायचे का?

आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. आण्णांना सगळं ठाऊक असतं, हे आमच्या घरात कुणी तपासून पाहत नसे. म्हणून वयाच्या अटीचा निरोप स्वयंपाकघरातून कधी गेलाच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आण्णांना बोटीवर केबिन हवी झाली. पाऊस आला तर बसायचं कुठं? त्यापुढच्या उन्हाळ्यात नवं सुकाणू, मग बसायला फळ्या. बोट सुधारत गेली, जड होत गेली, आणि माझा भाऊ मुकाट्यानं रोलर फिरवत राहिला. भरतीच्या वयाचं शेवटचं वर्ष फळ्यांना पॉलिश करण्यात गेलं. त्यानंतर तो आण्णांच्याच कारखान्यात हंगामी म्हणून लागला. घरात पेढे वाटले. मी खाल्ला नाही.

आणि मग पुढच्याच बुद्धपौर्णिमेला बोट खरंच धरणावर गेली. टेम्पोवाल्याच्या माणसांनी हाशहुश करत ती पाण्यात लोटली. आई काठावर बसली, आम्ही तिघं आत. बोट जडच होती, पण वारा भरला तशी निघाली. भाऊ सुकाणूवर होता. इतका सुंदर दिसत होता तो, की मला रडू आलं. ते धरण, ती टेकाडं, सगळं किती लहान आहे हे त्याला पहिल्या फेरीतच दिसलं असणार. भिंत जवळ आली की वळायचं, पुन्हा तेवढंच पाणी.

दुसऱ्या वळणावर आण्णा बोलले. थेट त्याच्याशी, माझ्याकडं न बघता.

"लय अडकवून ठिवलं मी तुला," ते म्हणाले. "मला अजून दोन-चार वर्सं तू घरात पायजे व्हता. आता मोकळा झालास. जा आता जहाजावर."

त्यांना वयाच्या अटीचं माहीत नव्हतं. गोदीत ते होड्या दुरुस्त करत होते, माणसांची भरती करत नव्हते. त्यांना वाटत होतं, समुद्र काही कुठं पळून जात नाही, पोरगा आज नाही तर पुढच्या साली जाईल. मी तोंड उघडलं. भावानं मला डोळ्यांनी गप्प केलं.

"जाईन आण्णा," तो म्हणाला आणि बोट वळवली.

तो गेला नाही, जाणार कुठून? आण्णांनी वर्षभर वाट पाहिली, मग त्यांनी आपल्यापुरतं कारण शोधून काढलं. त्यानंतर ते जितकी वर्षं जगले, तितकी वर्षं आल्या-गेल्याला सांगायचे, "म्या बोट करून दिली, स्वता जा म्हणलो. पर पोरगं पाण्याला भ्यालं." भाऊ तिथंच बसलेला असायचा. पाहुणे त्याच्याकडे बघून हसायचे, आणि तोही मान हलवून म्हणायचा, हो, भ्यालो.