पांढऱ्या तोंडाचा गवई

माझी नात स्टुटगार्टमध्ये शाळेतल्या मित्रांच्या बँडमध्ये की-बोर्ड वाजवते. त्या पोरांनी सत्तरच्या दशकातली एक फ्रेंच रॉक रेकॉर्ड अख्खी स्टेजवर करायचं ठरवलं. गायक तोंडाला पांढराफटक रंग फासून, पायघोळ झगा घालून गाणार. नातीचा हा पहिलाच कार्यक्रम. फजिती झाली तर परत स्टेजवर चढणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं.

असल्या संगीतातली मी जुनी जाणकार, निदान माझी तशी समजूत. पुण्यात फ्रेंचच्या क्लासातून अशा रेकॉर्डी उसन्या आणायचे, तोंडावर पावडर थापायचे आणि आईचा शालू पांघरून आरशासमोर हंबरायचे. शब्द एक कळत नसे. बंडखोरी मात्र वडील ऑफिसातून यायच्या आत आटपावी लागे, कारण रेकॉर्डप्लेअर त्यांचा. आई संगीत नाटकात रडली की मी नाक मुरडायचे, मरता मरता कोणी इतकं गातं का म्हणून. माझ्या फ्रेंच रेकॉर्डवर तरी दुसरं काय होतं? दोन्ही बाजू भरून एक माणूस मरतच होता. पण तो फ्रेंचमध्ये मरत होता ना, म्हणजे आधुनिक.

तर कार्यक्रमाच्या दिवशी इथलाही गवई शेवटी मरून धाडकन पडला. सूर थांबले. हॉलमध्ये चिडीचूप. खरंच संपलं याची खात्री पटल्याशिवाय हे जर्मन लोक टाळी वाजवत नाहीत. नातीला वाटलं, पडलं सगळं. तिचा चेहरा रंग न लावताच पांढरा झाला आणि नजर बाजूच्या दाराकडे गेली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्स मोअर!"

सगळ्या माना वळल्या. शेजारून लेक पुटपुटली, "आई, अगं खाली बस." मी उभी राहिलेय हे मला तेव्हा कळलं.

प्रेताने एक डोळा उघडून नातीकडे पाहिलं. नातीने माझ्याकडे. आता ही मला घरात घेत नाही, असं म्हणतेय तोवर ती फिस्सकन हसली आणि तिने तोच सूर दाबला. प्रेत उठलं, झगा झटकला, पुन्हा गायलं आणि आधीपेक्षा जास्त हालहाल होऊन मेलं. मग काय, अख्खा हॉल "नोख माल, नोख माल" करत, म्हणजे त्यांच्या भाषेतलं वन्स मोअरच, पाय आपटायला लागला.

गवई बिचारा दमला होता, हात जोडून निघालाच होता. नातीने त्याला जाऊ दिलं नाही. तिने तिसऱ्यांदा सूर धरला.